बिटकॉइनवर सरसकट बंदी घातली तर दहशतवाद्यांचा पैसा थांबेल का?

नाही थांबणार. पण प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय, 'तसंही एवढ्याशा रकमांनी काय होतं?', ते वाचून राहवलं नाही. हेच वाक्य मी माझ्या साहेबांकडून ऐकलंय.

तेव्हा मी एका क्रिप्टो एक्स्चेंजमध्ये, म्हणजे बिटकॉइनसारखी डिजिटल चलनं घेण्या-विकण्याच्या कंपनीत, संशयास्पद व्यवहार तपासायचे. एका रात्रपाळीत एक खातं समोर आलं. ११ दिवसांत ४१ वेळा पैसे जमा, एकही रक्कम ५० डॉलरच्या वर नाही, पाठवणारे सगळे वेगवेगळे. चार-पाचशे साठले की त्याच दिवशी सगळे एकाच बाहेरच्या वॉलेटमध्ये, म्हणजे क्रिप्टोच्या डिजिटल पाकिटात. त्या पत्त्याची शेवटची चार अक्षरं मला आजही पाठ आहेत. मी अहवाल दिला. साहेब म्हणाले, "मॅडम, काळा पैसा फिरवणारा लाखांत फिरवतो. ही कुणाची तरी वर्गणी दिसतेय. बंद करा." तीन महिन्यांनी त्याच खात्याबद्दल तपास यंत्रणेचं पत्र आलं. माझ्या अहवालावर साहेबांचा शेरा तसाच होता: 'कारवाईची गरज नाही.'

अहो, मनी लाँडरिंगमध्ये काळ्याचं पांढरं करतात. दहशतवादाच्या पैशात उलटं असतं: पगारातला सरळ पैसाही चालतो, वाईट असतो तो त्याचा वापर. मग रक्कम मोठी कशाला असेल? हमासच्या अल-कस्साम ब्रिगेड्सनी, म्हणजे त्यांच्या सशस्त्र शाखेने, २०१९ मध्ये सोशल मीडियावर उघडपणे बिटकॉइनमध्ये देणग्या मागितल्या. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेने त्यांच्याशी, अल-कायदाशी आणि इसिसशी जोडलेली ३०० हून अधिक क्रिप्टो खाती जप्त केल्याचं जाहीर केलं. एप्रिल २०२३ मध्ये देणगीदारांच्या सुरक्षिततेचं कारण देऊन ब्रिगेड्सनी स्वतःच बिटकॉइन घेणं थांबवलं. ब्लॉकचेनवरची, म्हणजे बिटकॉइन व्यवहारांच्या सगळ्यांना दिसणाऱ्या वहीतली, नोंद पुसता येत नाही, म्हणून तर माग लागतो. बंदी घातलीत तर हा माग काढणारी एक्स्चेंजच आधी जातील, वॉलेट राहतीलच.

एफएटीएफने, म्हणजे काळा पैसा आणि दहशतवाद्यांचा पैसा रोखण्याचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, २०१९ मध्ये एक्स्चेंजना पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची माहिती व्यवहारासोबत पुढे द्यायला सांगितलं, पण १००० डॉलर किंवा युरोच्या आतल्या व्यवहारांना सवलत ठेवायची मुभाही देशांना दिली. माझे ४१ च्या ४१ त्या सवलतीत बसले असते.

हेही खरं, की रोकड आणि हवाला हे जुने मार्ग अजून जोरात आहेत. आणि त्या ४१ जणांतल्या काहींना आपण खरंच मदतकार्याला पैसे देतोय असं वाटलं असेल.

तुम्ही या कामात असाल तर रक्कम लहान म्हणून फाइल मिटवू नका. वरिष्ठांनी मिटवलीच, तर शेऱ्याखाली 'मला हे मान्य नाही' एवढं लिहून सही करा. मी ती केली नव्हती.