भावा, डीपीवर दुपारी बाराला जा
लाइनच्या कामावर नवीन आलायस म्हणून सांगतो, सोलरची तक्रार आली की आधी इन्व्हर्टरला (पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करणाऱ्या डब्याला) शिव्या घालू नकोस. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि सोलर गल्लोगल्ली पोचलं. पूर्वी डीपीपासून, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरपासून, शेवटच्या पोलापर्यंत व्होल्टेज उतरत जायचं. आता भर उन्हात छतांवरची वीज लाइनमध्ये उलटी येते, म्हणून शेवटच्या घरी चढतं.

राजारामपुरीत एका काकांचा इन्व्हर्टर रोज दुपारी बंद पडायचा, सकाळी मात्र झकास. मीटर लावला तर २५६ व्होल्ट, म्हणून इन्व्हर्टर बंद! २३० वर सहा टक्के धरले तरी २४४ च्या आत पाहिजे. बघतो तर गल्लीतली तिन्ही सोलर एकाच फेजवर. एक दुसऱ्या फेजवर घेतलं, न्यूट्रलचा सैल जोड आवळला, झालं काम. (काकूंचा चहा वेगळा.)

डीपीचा टॅप (ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) लगेच बदलायला जाऊ नकोस. दुपारचं व्होल्टेज उतरवशील, पण दिवेलागणीला त्याच गल्लीत पंखे रेंगाळतील.

आणि लाइन बंद असली तरी अर्थिंग रॉड (तार जमिनीला जोडणारा दांडा) लावल्याशिवाय तारेला हात नाही. सप्लाय गेला की इन्व्हर्टर आपोआप थांबतो खरा, पण कुणी चेंजओव्हरशिवाय (घर लाइनपासून तोडणाऱ्या स्विचशिवाय) जनरेटर जोडून लाइनमध्ये उलटा करंट सोडतोय का, ते पोलावरून दिसत नाही.