पंपाची सवय लागेल का?

“ताई, डॉक्टरांनी दम्याचा पंप दिलाय. पण सासूबाई म्हणतात, एकदा लागला की सुटत नाही.” वास्कोतल्या एका मुस्लीम कुटुंबातल्या आईची ही काळजी (ओळखीचे तपशील बदलले आहेत). मुलगा चार वर्षांचा. पाऊस सुरू झाला, भिंतींना बुरशी धरली की रात्री धाप, मग इस्पितळात नेब्युलायझर (औषध वाफेसारखं देणारं यंत्र). बरं वाटलं की पंप कपाटात.

पंपाचं व्यसन लागत नाही. दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात. रोजचा स्टेरॉइडचा पंप ती सूज हळूहळू उतरवतो, म्हणून खोकला थांबला तरी डॉक्टर सांगेपर्यंत तो द्यायचा. साल्ब्युटामॉलचा, म्हणजे आरामाचा पंप आवळलेल्या नळ्या काही मिनिटांत सैल करतो, सूज मात्र तशीच राहते. या घरात तेवढाच वापरला जात होता. रोजच्या पंपाने उंचीवर थोडा परिणाम होऊ शकतो, साधारण एक सेंटीमीटर. हेही लपवू नये. लपवलेलं बाहेरून कळलं की पंप कायमचा बंद होतो.

हे सगळं डॉक्टरांनी सांगून झालं होतं. पटलं ते त्याच मोहल्ल्यातल्या दुसऱ्या आईमुळे. तिची मुलगी दोन पावसाळे रोजचा पंप घेत होती आणि अंगणात पळत होती. अशी सोबतीण निवडताना तिच्या मुलाचा दमा आटोक्यात हवा, पंप देण्याची पद्धत नर्सने तपासलेली हवी आणि दोन गोष्टी पक्क्या ठरलेल्या हव्यात: डोस ती बदलणार नाही आणि या घरातलं त्या घरात सांगणार नाही. दुसरी अट मोडली तर मुलींच्या आया येणंच थांबवतात. पुढे लग्नात अडचण येईल ही धास्ती त्यांना असते.

पहिल्या भेटीत ही सोबतीण काही शिकवायला गेली नाही. “तुम्ही कसा देता ते दाखवा,” एवढंच म्हणाली. चुका लगेच दिसल्या. दोन फवारे एकदम मारले जात होते, मास्क गालापाशी उचलला जात होता, मूल रडत असतानाच औषध दिलं जात होतं. रडताना औषध फुप्फुसात फारसं पोचत नाही. पंप हलवायचा, मास्क नाकातोंडावर घट्ट धरायचा, एक फवारा, मग पाच-सहा शांत श्वास. दुसरा हवा असेल तर अर्ध्या मिनिटाने पंप पुन्हा हलवून. रोजच्या पंपानंतर पाणी पाजून तोंड पुसायचं. स्पेसर (पंप आणि मास्क यांच्यामधली प्लास्टिकची नळी) साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यायचा; कपड्याने पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध प्लास्टिकलाच चिकटतं. दोन पंपांची अदलाबदल होऊ नये म्हणून तिने रोजच्या पंपाला लाल दोरा बांधला.

लोबानाच्या धुराने धाप वाढू शकते; तो विषय तिनेच काढला. बाहेरच्या कुणी काढला असता तर सासूबाईंना तो धर्मावरचा आक्षेप वाटला असता. “आमच्यातही घालतात, पण मूल शेजारच्या घरी असताना, खिडक्या उघडून,” असं ती म्हणाली आणि सासूबाईंनी ऐकून घेतलं.

बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, मूल बोलू शकत नाही किंवा ओठ निळसर दिसतात, तेव्हा सोबतिणीला फोन करत बसायचं नाही. आधी १०८. गाडी येईपर्यंत डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे आरामाचा पंप स्पेसरमधून देत राहायचा, मूल बसतं ठेवून.