जर्मनीत शिकताना फुटबॉल सोडावा का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांचा विषय एकच आहे: जर्मनीतील विद्यार्थिजीवन आणि फुटबॉल. त्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : मी ऑक्टोबरपासून जर्मनीत अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. भारतात मी एका क्लबाकडून खेळत असे आणि माझी रीतसर नोंदणीही होती. येथे आल्यापासून खेळणे थांबले असून पाहणे मात्र वाढले आहे. मंगळवारी आणि बुधवारी रात्री युरोपातील क्लबांची चॅम्पियन्स लीग, शनिवारी दुपारपासून बुंडेसलीगा ही जर्मनीची सर्वोच्च लीग आणि त्यात आठवड्यातील तीन संध्याकाळी नोकरी, यांमुळे प्रयोगशाळेचे अहवाल मागे पडत आहेत. घरचे म्हणतात की, फुटबॉलचे वेड आता पुरे. मी ते पूर्णपणे सोडावे का?

उत्तर : सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. तुमचे पत्र नीट वाचले तर त्यात एक गोष्ट स्पष्ट दिसते. तुमच्या संध्याकाळी सामने पाहण्यात जात आहेत, आणि ज्या खेळण्याने शरीर थकते, झोप चांगली लागते व चार माणसांशी ओळख होते, ते मात्र तुमच्या आठवड्यात कुठेच उरलेले नाही. म्हणून कमी करायचे असेल तर पडद्यावरचे फुटबॉल कमी करा आणि मैदानावरचे पुन्हा सुरू करा.

त्यासाठी जर्मनीइतका अनुकूल देश क्वचितच सापडेल. जर्मन फुटबॉल महासंघाची स्थापना १९०० मध्ये लाइपझिग येथे झाली आणि आज त्याच्या छत्राखाली सुमारे २४ हजार क्लब आहेत. शहराच्या जवळजवळ प्रत्येक भागात एखादा नोंदणीकृत क्लब, त्याचे मैदान आणि प्रौढांचे एक-दोन संघ असतात. हे संघ बहुधा आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सराव करतात आणि क्राइसलीगा या जिल्हा पातळीवरच्या लीगमध्ये रविवारी दुपारी खेळतात. रविवारी तेथील दुकाने बंद असतात आणि ग्रंथालयांचे तासही पुष्कळदा कमी असतात. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला सर्वांत एकटे वाटते ते याच दिवशी, आणि नेमक्या त्याच दिवशी दुपारी मैदानावर आपली वाट पाहणारे दहा जण असणे याचे मोल मला फार मोठे वाटते.

अभ्यासाची तुमची चिंता रास्त आहे, पण वेळापत्रक तुमच्या बाजूचे आहे. हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबरात सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि त्याच सुमारास परीक्षा येतात. हौशी लीगचे सामने मात्र डिसेंबरात थांबतात आणि फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये पुन्हा सुरू होतात, कारण कडाक्याच्या थंडीत गवताची मैदाने खेळण्याजोगी राहत नाहीत. उन्हाळी सत्राच्या परीक्षा साधारणपणे जुलैपासून असतात, तोपर्यंत लीगचा हंगाम संपलेला असतो. म्हणजे दोन्ही परीक्षांच्या काळात सामन्यांचे ओझे नसते. अडचण येते ती अहवाल आणि नोकरी यांची. परदेशी विद्यार्थ्याला वर्षभरात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. ती वापरायची कशी हे ठरवताना सरावाच्या दोन संध्याकाळी आधी बाजूला काढा आणि कामाच्या पाळ्या उरलेल्या दिवसांत मागून घ्या. उपाहारगृहात काम करत असाल तर रविवार दुपारचा प्रश्न मालकाशी सुरुवातीलाच बोलून घेतलेला बरा.

आता नोंदणीविषयी. तुमची भारतात नोंदणी झालेली असल्यामुळे ही बाब क्लबाला पहिल्याच भेटीत सांगा. फिफाच्या नियमांनुसार एका देशाच्या महासंघाकडे नोंदलेला खेळाडू दुसऱ्या देशात अधिकृत सामना खेळणार असेल, तर आधीच्या महासंघाकडून आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र यावे लागते, आणि हा नियम हौशी खेळाडूंनाही लागू आहे. अर्ज क्लबामार्फत होतो व त्याला वेळ लागू शकतो, परंतु तोपर्यंत सरावाला जाण्यास काहीच हरकत नसते. जुनी नोंदणी लपवून खेळायला उतरू नका, कारण त्याचा भुर्दंड संपूर्ण संघाला पडू शकतो. कोणी सामन्यामागे पैसे देऊ केले, तर ते घेण्यापूर्वी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारणा करा. दुखापतीच्या उपचारांचा खर्च विद्यार्थ्यांच्या सार्वजनिक आरोग्य विम्यातून भागतो. खाजगी विमा असेल तर मात्र त्याच्या अटी वाचून घ्या. बुटांविषयी एक सूचना: सरावाची मैदाने पुष्कळदा कृत्रिम गवताची असतात आणि त्यांवर धातूचे स्टड चालत नाहीत.

पाहण्याची हौसही सोडायला नको, ती फक्त आवरायला हवी. शनिवारी दुपारी साडेतीनला एकाच वेळी अनेक सामने सुरू होतात आणि एआरडी या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या रेडिओवर निरनिराळ्या मैदानांवरचे निवेदक एकमेकांना मध्येच थांबवत गोलांची बातमी देतात. हे निवेदन ऐकत स्वयंपाक किंवा कपडे धुण्याचे काम उरकते, आणि वेगाने बोलली जाणारी जर्मन कानावर पडण्याचा याहून आनंददायी मार्ग मला माहीत नाही. पुढे संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास त्याच संस्थेच्या दूरचित्रवाणी वाहिनीवर ‘श्पोर्टशाउ’ या १९६१ पासून चालत आलेल्या कार्यक्रमात दिवसाच्या सामन्यांची क्षणचित्रे दाखवतात. सार्वजनिक प्रसारणासाठी प्रत्येक घराला दरमहा १८.३६ युरो शुल्क द्यावेच लागते. मग त्याचा उपयोग करून घ्या आणि खर्चीक वर्गणीच्या वाहिन्या टाळा. चॅम्पियन्स लीगचा आठवड्यातून एकच सामना, तोही मित्रांबरोबर पाहायचा, असे बंधन घातले तरी अहवालांना पुरेशा रात्री मिळतील.

प्रश्न : मी चोवीस वर्षांची आहे. लहानपणापासून फुटबॉलवर जीव आहे, पण मुलींचा संघच नसल्यामुळे कधी खेळता आले नाही. आता बर्लिनमध्ये शिकत आहे. इतक्या उशिरा सुरुवात करणाऱ्या मुलीला कोणी घेईल का?

उत्तर : नक्की घेतील, आणि तुम्ही संकोच न करता जावे, असे मला मनापासून वाटते. थेट क्लबात जाण्याचे दडपण वाटत असेल तर विद्यापीठाच्या क्रीडा विभागापासून सुरुवात करा. दर सत्राच्या आरंभी तेथे नवशिक्यांसाठी वर्ग निघतात, शुल्क माफक असते आणि स्पर्धेचा ताण नसतो. मात्र नाव नोंदणी ऑनलाइन असते आणि लोकप्रिय वर्ग लवकर भरतात, म्हणून नोंदणी उघडण्याची तारीख व वेळ आधीच पाहून ठेवा. एखादे सत्र तेथे काढल्यावर महिलांचा संघ असलेल्या क्लबाला पत्र लिहून चाचणी सरावाची विनंती करा. आपण नवशिक्या आहोत हे त्यात मोकळेपणाने लिहावे.

उशीर झाला असे तुम्हाला वाटते, तेव्हा त्या देशाच्या महिला फुटबॉलचा इतिहासही लक्षात घ्या. १९५५ मध्ये तेथील महासंघाने आपल्या क्लबांना महिलांचे संघ ठेवण्यास मनाई केली आणि ही बंदी १९७० पर्यंत उठली नाही. १९८९ मध्ये महिलांच्या राष्ट्रीय संघाने युरोपीय विजेतेपद पटकावले, तेव्हा खेळाडूंना बक्षीस म्हणून कॉफीच्या कपबश्यांचा संच देण्यात आला. त्यानंतर अवघ्या चौदा वर्षांनी, २००३ मध्ये, याच संघाने विश्वचषक जिंकला आणि २००७ मध्ये तो राखला. ज्या मैदानांवर तुम्ही आता पाऊल ठेवणार आहात ती महिलांनी झगडून मिळवलेली आहेत, आणि तेथे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीचे स्वागत होते ते म्हणूनच.

प्रश्न : आमचा मुलगा डॉर्टमुंडजवळ शिकतो. सामना पाहण्यासाठी तो जास्त पैसे मागतो. हा खर्च योग्य आहे का?

उत्तर : वर्षातून एखाद-दुसऱ्या सामन्यासाठी जरूर द्यावेत. विद्यार्थी व्हिसासाठी ज्यात आधीच पैसे भरून ठेवावे लागतात, त्या ‘गोठवलेल्या खात्या’ची रक्कम ठरवताना महिन्याला ९९२ युरोंचा खर्च गृहीत धरलेला आहे. त्यात घरभाडे आणि विमा गेल्यावर फारसे उरत नाही, हे आपल्यालाही ठाऊक असेल. सुदैवाने जर्मनीत उभे राहून पाहण्याची तिकिटे अजून विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आहेत. डॉर्टमुंडच्या स्टेडियममधील दक्षिण गॅलरीत जवळजवळ २५ हजार प्रेक्षक उभ्याने सामना पाहतात. क्लबांवरील निर्णायक मताधिकार सदस्यांकडेच राहावा, हा ‘पन्नास अधिक एक’ नियम १९९८ पासून लागू आहे आणि तिकिटे महाग न होण्यामागे सदस्यांचा हा दबावही आहे. अडचण किमतीपेक्षा तिकीट मिळण्याचीच असते. म्हणून मुलाला सांगा की, अनोळखी विक्रेत्याकडून चढ्या दराने तिकीट मुळीच घेऊ नये, क्लबाच्या अधिकृत संकेतस्थळावरच प्रयत्न करावा आणि तिथे न जमल्यास जवळच्या बोखुम किंवा डुइसबुर्गच्या संघाचा सामना पाहावा. प्रवासासाठी विद्यार्थ्यांचा सत्र पास असेल तर त्याचा वेगळा खर्चही येणार नाही.