एसएसबीच्या टीएटीमध्ये क्लासने दिलेल्या तयार गोष्टी लिहिल्या तर कळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सीडीएसची, म्हणजे सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीची, लेखी परीक्षा पास झालात, पुढच्या महिन्यात एसएसबीचं, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाचं, भोपाळला बोलावणं आहे. शिक्षण चौथीपर्यंत मराठीतून, पुढे इंग्रजीतून. फोंड्यातल्या क्लासने टीएटीसाठी, म्हणजे चित्र पाहून गोष्ट लिहायच्या चाचणीसाठी, बारा गोष्टी लिहून दिल्यात आणि तिथले सर सांगतात की गोव्यातल्या मुलांच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडत नाही, त्यामुळे गोष्टी पाठ कराव्याच लागतात. तर पाठ करू का, आणि केल्या तर कळेल का?

कळतं. पाठ करू नका. आणि सरांचं ते वाक्य साफ चुकीचं आहे. डिचोली, साखळी, पेडण्याकडच्या मुलांच्या वह्या मी तपासतो आणि हे वाक्य इतक्या तोंडांतून ऐकलंय, की त्याचा नीट समाचार घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

'पकडलं जाईल का' हा विचारच आधी सोडा. मानसशास्त्रज्ञ तुमची चोरी पकडायला बसलेला नसतो. त्याच्यासमोर तुमच्या बारा गोष्टी, साठ शब्दांवरची वाक्यं, साठांपैकी जितक्या जमल्या तितक्या प्रसंगांची उत्तरं आणि स्वतःबद्दलचे पाच परिच्छेद असतात. जोडीला पहिल्याच दिवशी भरलेला पीआयक्यू, म्हणजे स्वतःच्या माहितीचा, फॉर्म. या सगळ्यांत एकच माणूस दिसतो का, हे तो बघतो. टीएटीत तुम्ही पाठ केलेलं उतरवाल, पण शब्दामागे पंधरा सेकंद मिळतात तिथे पाठांतराला जागाच नाही. तिथे खरे तुम्ही येता. मग गोष्टीतला नायक एक, शब्दांतला माणूस दुसरा आणि फॉर्ममधला तिसरा. असं झालं की गुण द्यायला हातात काही उरत नाही. नापास करण्यासारखं काही सापडलं असं नसतं, काही सापडलेलंच नसतं.

एका मुलाच्या वहीतलं सांगतो. मुलगा डिचोली तालुक्यातला. सरावाचं चित्र असं होतं : जमिनीवर बसलेला तरुण, मागे कसल्यातरी गाडीची धूसर आकृती, बाजूला एक वयस्क माणूस उभा. त्याने लिहिलं, राहुल हा हुशार आणि धाडसी तरुण, गावाला पूर येतो, राहुल पन्नास मित्र जमवून दोनशे लोकांना वाचवतो, जिल्हाधिकारी सत्कार करतात. चित्रात पाण्याचा थेंब नव्हता. पानं उलटली तर अकरापैकी आठ गोष्टींत राहुल आणि पाचांत सत्कार. त्या पुराच्या गोष्टीतले शब्द मोजले. शहाण्णव शब्दांतले साठेक राहुलच्या वर्णनावर आणि कौतुकावर गेले होते. प्रत्यक्ष काम एवढ्याच वाक्यात : 'त्याने नीट नियोजन करून सर्वांना वाचवले.' दोरी कुठून आणली, आधी कोणाला काढलं, घर सोडायला कोण तयार नव्हतं, त्याला कसं समजावलं? एक अक्षर नाही. परीक्षकाला जे हवं असतं, नेमकं तेच गाळलेलं.

या मुलाच्या घरची गोष्ट अशी. वडिलांचे खनिज वाहणारे दोन टिपर. मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या आणि दोन्ही टिपर परसातल्या फणसाखाली उभे राहिले. बँकेचे हप्ते चालूच. या मुलाने बॅटऱ्या काढून ठेवल्या, आठवड्यातून एकदा त्या जोडून इंजिनं चालू करून पाहायची, टायरखाली फळ्या घातल्या. वडिलांना घेऊन बँकेत गेला, हप्ते लांबवून घेतले. मग रस्त्याच्या कामावर खडी टाकणारा एक कंत्राटदार गाठला आणि एक टिपर तिकडे लावला. दुसरा विकावा म्हणून वडिलांची समजूत घालायला त्याला तीन महिने लागले. वहीत यातलं काहीही नव्हतं. का नाही लिहिलंस विचारलं तर म्हणाला, "ती कसली गोष्ट? ते घरचंच." बाहेरून मदतीला येणारा राहुल तेवढा हिरो आणि घरचं सावरणारा कोणी नाही, हे त्याच्या मनात घातलं कोणी? 'तुमच्याकडे काही घडत नाही' म्हणणाऱ्यांनीच.

त्याच चित्रावर त्याची दुसरी गोष्ट, मराठी करून देतो : 'महेशच्या वडिलांचा ट्रक काम नसल्याने उभा होता आणि वडील खचले होते. महेशने ट्रक तपासला, ब्रेक आणि बॅटरीचं काम गॅरेजवाल्या मित्राकडून शिकून स्वतः केलं. जवळच्या तीन कामांवर चौकशी केली. दोघांनी नकार दिला, तिसऱ्याने आठवडाभर चालवून बघतो म्हटलं. वडील दुसऱ्याच्या हाताखाली जायला तयार नव्हते. महेशने त्यांना हिशेब मांडून दाखवला आणि पहिला आठवडा स्वतः सोबत गेला. काम टिकलं, हप्ते सुरू झाले. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरा चालक ठेवला.' चार मिनिटांत बसते. मूळ इंग्रजीत दोन ठिकाणी क्रियापदाचा काळ चुकला होता, त्याने काही बिघडत नाही. पुढाकार, संघटन, जबाबदारी, दुसऱ्याला पटवणं, चिकाटी हे पंधरा अधिकारी-गुणांतले पाच त्यात कामातून दिसतात. एकाचंही नाव लिहिलेलं नाही.

म्हणजे आपलं चरित्रच प्रत्येक चित्रावर उतरवायचं असं नाही. चित्र काय सांगतं ते पाहायचंच. चेहरा दुःखी असेल तर लग्नाची वरात काढू नका. नायक साधारण तुमच्या वयाचा ठेवा, अडचण खरी ठेवा आणि वाटेत एक तरी नकार येऊ द्या. तीस सेकंद चित्र दिसतं, तेव्हाच शेवट ठरवा. लिहायच्या चार मिनिटांतलं पहिलं अर्धं मिनिट आधी काय घडलं यावर, अडीच मिनिटं नायकाने काय काय केलं यावर, उरलेलं परिणामावर. साधारण ऐंशी-शंभर शब्द होतात. बहुतेक मुलांचं हे प्रमाण उलटं होतं : वर्णनात तीन मिनिटं जातात आणि कृती शेवटच्या ओळीत कोंबली जाते. बारावं चित्र नसतंच, कोरी पाटी दाखवतात. मुलं ती जागा पाठ केलेल्या गोष्टीवर घालवतात, वास्तविक स्वतःच्या मनातलं लिहायला सगळ्यांत मोकळी जागा तीच.

सराव करताना बाराही एकामागून एक लिहा, घड्याळ लावून, मध्ये न उठता. चोपन्न मिनिटं लागतात. सातव्या-आठव्या गोष्टीला हात भरून येतो आणि गोष्टी आखडतात. रोज दोन-दोन लिहिणाऱ्याला हे कळत नाही, ते थेट भोपाळला कळतं.

आता इंग्रजीचं. तुमची खरी अडचण तिथे आहे आणि ती वर्ड असोसिएशनमध्ये, म्हणजे शब्द पाहून वाक्य लिहायच्या चाचणीत, लागते. साठ शब्द, प्रत्येकी पंधरा सेकंद. शब्द वाचायला दोन सेकंद, मनात मराठीत किंवा कोंकणीत वाक्य करून इंग्रजीत वळवायला चार-पाच, उरलेल्यात लिहायचं. तिसाव्या शब्दापुढे गाडी अडकते. उपाय एकच : वाक्य लहान, पाच ते आठ शब्दांचं, आणि थेट इंग्रजीत सुचेल इतकं साधं. घरच्या कोणाला तरी फोनवर पंधरा सेकंदांचा टायमर लावून शब्द वाचायला बसवा. साठच्या साठ, वीस-वीसचे तुकडे नकोत. चाळीसनंतर माणूस थकतो आणि ठरवलेलं गळून पडतं, तिथलीच वाक्यं नंतर स्वतः वाचून बघा. एखादा शब्द राहिला तर सोडून द्या. मागचा लिहायला गेलात की पुढचे दोन जातात.

म्हणी आणि सुविचार नकोत. 'अपयश' आला की 'अपयश ही यशाची पहिली पायरी', 'भीती' आला की 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस'. यातून तुमच्याबद्दल काय कळलं? त्यापेक्षा 'पहिल्या अपयशानंतर त्याने अभ्यासाची वेळ बदलली' किंवा 'रोजच्या सरावाने खोल पाण्याची भीती गेली' हे चांगलं, कारण त्यात कोणीतरी काहीतरी करतं. 'पाहिजे' आणि 'नये' यांनी संपणारी वाक्यं उपदेश होतात. एखादं चालेल, साठांत वीस आली तर दुसऱ्यांना शिकवणारा आणि स्वतः हात न हलवणारा माणूस दिसतो.

एसआरटीत, म्हणजे दिलेल्या प्रसंगात तुम्ही काय कराल ते लिहायच्या चाचणीत, तीस मिनिटांत साठ प्रसंग. सगळे झालेच पाहिजेत हा आणखी एक क्लासचा धाक. पंचेचाळीस नीट झाले तर ते घाईच्या साठांपेक्षा बरे, असं माझं मत. सहलीत मित्र बुडू लागला तर 'उडी मारून वाचवले' असं डोळे मिटून लिहितात. पीआयक्यूत छंदात पोहणं नाही, खेळात नाही, आणि इथे मात्र भर पावसाळ्यातल्या समुद्रात उडी. आपण किनाऱ्यावरची माणसं, न पोहणाऱ्याने उडी मारली की काय होतं ते आपल्याला कोणी सांगायला नको. 'ओरडून जीवरक्षकाला बोलावलं, दोरी फेकली, बाहेर ओढलं, श्वास पाहिला, छाती दाबली, १०८ ला फोन' एवढं तुटक लिहा. पोहता येत असेल तर खुशाल उडी मारा, पण मग फॉर्ममध्ये पोहणं असू द्या.

स्वतःचं वर्णन पंधरा मिनिटांत लिहायचं असतं : आईवडील, शिक्षक, मित्र आणि तुम्ही स्वतः काय म्हणता, आणि काय सुधारायचंय. याची तयारी घरीच करता येते, आणि प्रामाणिकपणे केली तर ती लबाडी नाही. आईला विचारा. 'आमचा मुलगा आज्ञाधारक' हे बाहेरच्यांसाठी. घरात ती 'सांगितलेलं करतो, पण दोनदा सांगावं लागतं' म्हणत असेल, तर तेच लिहा आणि त्यावर सध्या काय करताय तेही.

आता त्या जुन्या वादाकडे. गोव्याची मुलं सुशेगाद, म्हणजे आरामात राहणारी, त्यांच्यात अधिकारी होण्याचा मसाला नाही, असं म्हणणारे बाहेरचे आहेत तसे आपल्यातलेही आहेत, आणि तयार गोष्टी विकणाऱ्यांचं दुकान त्यावरच चालतं. १९८६ पासून २००९ पर्यंत नौदलाची अकादमी इथेच होती, वेऱ्याला, आयएनएस मांडवी या नौदलाच्या तळावर. मग ती केरळात एळिमलाला गेली. इतकी वर्षं मांडवीकाठी अधिकारी घडत होते आणि फेरीबोटीतून पलीकडे बघणाऱ्या आपल्या मुलांना ते दुसऱ्या कोणासाठी आहे असं वाटत राहिलं, याचं मला वाईट वाटतं. ही निवडपद्धत खरं तर अशाच मुलांच्या सोयीची आहे. १९४३ साली डेहराडूनला प्रायोगिक निवड मंडळ बसवून भारतात तिची सुरुवात झाली, आणि नुसत्या मुलाखतीत बोलका, ओळखीपाळखीचा मुलगा पुढे जातो तसं कागदावर होत नाही. टीएटी लिहिताना तुमचे उच्चार कोणी ऐकत नाही. गावच्या शिगम्याचा मेळ उभा करणं, वर्गणीवरून फुटलेले दोन वाडे एकत्र आणणं, वाळवंटी नदीचं पाणी चढल्यावर दुकानातला माल वर काढणं, हे ज्याने केलंय त्याच्याकडे सांगायला काही नाही कसं म्हणायचं?

एवढं सांगून दोन-तीन गोष्टी मान्य करतो. तो डिचोलीचा मुलगा दुसऱ्या खेपेला बंगळूरला रेकमेंड झाला, म्हणजे मंडळाने त्याची शिफारस केली, पण मेरिट लिस्टमध्ये नाव आलं नाही. एकाच्या निकालावरून काही सिद्ध होत नाही. मानसशास्त्रज्ञाचं मत एकट्याने चालतही नाही : मुलाखत घेणारा अधिकारी आणि गटाच्या चाचण्या घेणारा जीटीओ स्वतंत्रपणे गुण देतात, पाचव्या दिवशी कॉन्फरन्समध्ये तिघांचं एकत्र पाहिलं जातं. क्लास सगळेच वाईट नाहीत. वेळ लावून लिहून घेणारा आणि वही परत देताना प्रश्न विचारणारा मिळाला तर जरूर जा. आणि ही चाचणी म्हणजे मानसिक आजाराची तपासणी नव्हे. ती रेकमेंड झाल्यावरच्या मेडिकलमध्ये वेगळी येते, तिथे पूर्वीचा उपचार विचारला तर लपवू नका. हवाई दलाच्या अग्निवीर वायू भरतीतल्या ॲडॅप्टॅबिलिटी टेस्टला वरचं काही लागू नाही, तो वेगळा प्रकार.

वीसेक दिवस आहेत तुमच्या हातात. आजच एक कोरी वही घ्या आणि गेल्या पाच वर्षांत तुम्ही स्वतः निस्तरलेल्या पंधरा-वीस अडचणी लिहून काढा, प्रत्येकी चार ओळी : काय झालं, कोण आडवं आलं, तुम्ही आधी काय केलं, शेवट काय. पीआयक्यू भरून त्याच्याशी ताडून पहा. गोवा एक्सप्रेसच्या लांबच्या प्रवासात क्लासची बारा पानं सोबत नेऊ नका, ही वही न्या. आणि पहिलीच खेप असेल तर तिकिटाची प्रत जपून ठेवा, थर्ड एसीपर्यंतचं भाडं परत मिळतं.