४ वर्षं आणि १४ महिने अशी दोन मुलं घेऊन सिंगापूरहून क्रूझवर जातोय. केबिन कोणती घ्यावी: आतली, खिडकीची की बाल्कनीची?

ताई, तुमच्या प्रश्नातलं मिस्टरांचं वाक्य, ‘खोलीत बसतंय कोण, नुसतं झोपायला तर यायचंय, सगळ्यात स्वस्त आतली घेऊ’, मला तोंडपाठ आहे. आमच्याकडे ते भाऊजींचं, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांचं. म्हणून आधी उत्तर देते आणि मग तोंडसुख घेते. धाकटं इतकं लहान आहे, तर खिशाला झेपत असेल तर बाल्कनी. नसेल झेपत तर खिडकी. आतली, म्हणजे बिनखिडकीची, अगदी शेवटी, आणि तीसुद्धा डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, समोर ठेवून, नंबर स्वतः निवडून.

आता खोलीत कोण बसतं ते सांगते. चौदा महिन्यांचं मूल जहाजावर जाऊन जाऊन जाणार कुठे? मुलांच्या क्लबात बहुतेक ठिकाणी तीन वर्षं पूर्ण आणि डायपर सुटलेला, अशी अट असते. तुमचं थोरलं जाईल, धाकटं नाही. काही जहाजांवर तान्ह्यांसाठी पाळणाघर असतं, पण त्याचे तासावर पैसे आणि आधी नंबर लावायचा. पोहण्याच्या तलावात डायपरचं मूल चालत नाही, पोहायचा खास डायपर घातला तरी नाही. रात्रीचा शो सुरू होतो ती त्याची झोपायची वेळ. दुपारी सगळे जेवून डेकवर पसरतात तीही त्याची झोपायची वेळ. म्हणजे खोलीत ते मूल बसतं आणि त्याच्यापायी त्याची आई बसते. ‘बसतंय कोण’ विचारणारा माणूस तेव्हा वरच्या डेकवर आइस्क्रीमच्या रांगेत असतो.

आमची ट्रिप तुमच्यासारखीच, सिंगापूरहून पेनांग आणि फुकेत. सासूबाई, दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा आणि सगळी पोरं. धाकटा तेव्हा नुकता चालायला लागला होता. बुकिंग भाऊजींनी त्यांच्या ओळखीच्या एजंटाकडून केलं आणि त्याने ‘गॅरंटी’ केबिन गळ्यात मारल्या. यात केबिनचा प्रकार तेवढा पक्का असतो, खोली कुठली ते उरल्यासुरल्यातून कंपनी ठरवते. भाऊजींची खोली भलत्याच मजल्यावर. आमची तलावाच्या डेकच्या बरोबर खाली. उजाडायच्या आत वर आरामखुर्च्या ओढून रांगेत लावायला सुरुवात व्हायची. प्रत्येक खुर्चीचा खर्र आवाज थेट उशीपर्यंत. पोर दचकून उठायचं ते उठायचंच.

पाळणा मागवला होता, तो आणून दिला. तो उघडल्यावर पलंग आणि दार यांच्यामध्ये पाऊल ठेवायला जागा उरली नाही. बाथरूमला जायचं तर पाळणा दाराकडे ढकला, परत येताना ओढा. आतल्या खोलीत दिवा मालवला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही असा काळोख. त्यात मूल छान झोपतं, हे मान्य. पण मग आईने काय करायचं? दिवा लावला की ते उठतं. मी बाथरूमचा दिवा लावून, दार बोटभर उघडं ठेवून, कमोडच्या झाकणावर बसून मिस्टरांनी वरून आणून दिलेला गार पुलाव खाल्लाय. ताट मांडीवर, पाय उंबऱ्यावर, आणि वर पंखा गुरगुरतोय. असं रोज. त्या जागी बाल्कनी असती तर काचेचं दार लावून बाहेर खुर्चीवर बसता आलं असतं, पोर आत नजरेसमोर झोपलेलं, हातात चहा, समोर समुद्र. जास्तीचे पैसे ज्याच्यासाठी द्यायचे ते एवढंच.

हे मी जेवणाच्या टेबलावर बोलले. भाऊजी म्हणाले, ‘आई कोकण बोटीने डेकवर झोपून यायची, आणि तुम्हाला आता खिडक्या हव्यात.’ सासूबाई मूळच्या मालवणच्या. लहानपणी पडावातून बोटीवर चढायचं, डेकवर वळकटी पसरायची आणि रात्र काढून भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, असा त्यांचा प्रवास. त्या सूप पीत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, ‘अरे, डेकवर वारा तरी होता. ओकारी आली तर समुद्र होता. हिच्या खोलीत आहे काय?’ टेबलावर कोणी काही बोललं नाही. पण खोली काही बदलून मिळाली नाही, जहाज भरलेलं होतं.

सासूबाईंचीही एक तक्रार आहे, ती तुमच्या कामाची. त्यांनी बाळाच्या खिमटासाठी विजेची किटली बॅगेत घातली होती. चढताना बॅग तपासणीत ती काढून घेतली आणि उतरायच्या दिवशी परत दिली. इस्त्री, पाण्यात घालायचा रॉड, किटली, तापणारं काहीही बहुतेक जहाजांवर चालत नाही, आगीची भीती. काही ठिकाणी एक्स्टेन्शन बोर्डही काढून घेतात. त्यामुळे थर्मास न्या आणि केबिन साफ करायला येणाऱ्या माणसाशी पहिल्याच दिवशी गोड बोलून ठेवा. आमचा तो बिचारा रोज सकाळी न सांगता गरम पाणी आणून द्यायचा. खोलीतल्या छोट्या फ्रिजवर दुधासाठी भरवसा ठेवू नका, तो बाटली जरा गार करतो इतकंच.

बाकीचं भराभर. खोली निवडताना तिच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावर काय आहे ते बघा. वरही केबिन, खालीही केबिन असली की निर्धास्त. तलाव, स्वयंपाकघर, थिएटर, नाचगाण्याची जागा यांच्या वर-खाली नको. बोट लागायची भीती असेल तर मधल्या भागात, खालच्या डेकवर घ्या, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. मलाक्काच्या सामुद्रधुनीत समुद्र तसा शांतच असतो. शिवाय दोन वर्षांखालच्या मुलांना बोट फारशी लागत नाही, लागते ती तुम्हाला.

चार जणांची म्हणून मिळणाऱ्या खोलीत दोन पलंग बरेचदा भिंतीतून किंवा छतातून खाली येणारे असतात, रेल्वेच्या अपर बर्थसारखे. सहा वर्षांखालचं मूल वर झोपवू नका असं अनेक कंपन्या सांगतात. म्हणजे चार वर्षांचं वर नाही आणि धाकटं तर नाहीच. वर तुमचे मिस्टर झोपतील, तेव्हा कळेल त्यांना खोलीत कोण असतं ते. बुकिंग करतानाच सोफा-कम-बेड आहे का विचारा, आणि पाळणा मांडल्यावर तो सोफा उघडतो का तेही विचारा. आणखी एक, खोलीत पलंग चार असले तरी त्या भागातल्या लाइफबोटीची जागा भरली असेल तर कंपनी चौथा माणूस घेत नाही. त्यात तान्हं बाळही माणूस म्हणूनच मोजतात. म्हणून शेवटच्या क्षणी ‘बाळाचं नाव घालून टाकू’ असं करू नका.

आंघोळीला टब हवा असेल तर डिस्नेच्या जहाजांवर मिळतो, तिथे बऱ्याच खोल्यांत बाथरूमचे दोन भागही केलेले असतात. इतरत्र बहुतेक खोल्यांत नुसता शॉवर, तोही पडदा अंगाला चिकटेल इतका अरुंद. मी फुगवायचा छोटा टब नेला होता, ती एक गोष्ट मात्र जमली. डिस्नेने २०११ मध्ये ‘ड्रीम’ जहाजावर आतल्या खोल्यांना गोल खिडकीसारखे स्क्रीनही लावले, बाहेरच्या कॅमेऱ्यातून समुद्र दाखवणारे. पोरांना गंमत वाटते, आईला उजेड मिळत नाही.

आता हातचं राखून काही ठेवत नाही, म्हणून बाल्कनीची दुसरी बाजूही सांगते. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या क्रूझ जहाजांना कठडा किमान ४२ इंच हवा, असा तिथला २०१० चा कायदा आहे, म्हणजे साडेतीन फूट. पण शेजारी खुर्ची ठेवली की साडेतीन फुटाला अर्थ उरत नाही. दाराची वरची कडी कायम लावलेली, खुर्च्या वापरून झाल्या की आत, आणि थोरलं एकटं बाहेर कधीच नाही. तुमचं थोरलं टेबलावर, खिडकीवर चढणारं असेल तर बाल्कनी नको, मोठी खिडकी घ्या, झोप तरी लागेल. मुलं आठ-दहा वर्षांची असतील तर माझं वरचं सगळं विसरा, तेव्हा आतली खोली खरंच पुरते. आणि दोन आतल्या खोल्या मधल्या दाराने जोडलेल्या मिळत असतील तर भाव विचारून बघा. बरेचदा एका बाल्कनीच्या आसपासच पडतात आणि दोन बाथरूम मिळतात. फक्त त्या मधल्या दारातून आवाज सगळा येतो.

पैशाचं म्हणाल तर, बाल्कनीसाठी जास्तीचे पैसे मागितले तेव्हा आमच्याकडे ती उधळपट्टी ठरली होती. त्याच भाऊजींनी ड्रिंक्सचं पॅकेज घेतलं. कंपनीचा नियम असा की एका खोलीतल्या एकाने घेतलं की दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावंच लागतं. म्हणजे जाऊबाईंचंही आलं, आणि त्या फार तर ताजं लिंबू सरबत पितात. दोघांचे मिळून जेवढे गेले तेवढ्यात आमची बाल्कनी झाली असती, हिशेब मी उतरल्यावर बिलावरून केला. तुमच्या मिस्टरांना आधी ड्रिंक्स पॅकेजच्या दराचा कागद दाखवा, केबिनचं नंतर बोला.