बोजोले ही फ्रेंच रेड वाइन थंड करून प्यायची का? आणि सोबत खायला काय?

हो, बोजोले थोडी थंडच प्यावी, साधारण १२ ते १४ अंशांवर; बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली की पुरे. कारण द्राक्षात आहे. ही वाइन गामे जातीच्या काळ्या द्राक्षांची. अख्खे घोस न चिरडता टाकीत भरून आंबवण्याची तिकडची रीत असल्यामुळे फळाचा वास भरपूर आणि टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतला तुरट अंश) कमी उतरतं. टॅनिन जास्त असलेली रेड थंड केली की तोंड तुरट करते, ही करत नाही. प्रदेश म्हणजे ल्यों शहराच्या उत्तरेच्या टेकड्या; वरच्या भागात ग्रॅनाइटची जमीन, चांगला माल तिथला. सोबत ल्योंकडचे लोक खातात तेच उत्तम: सुकवलेल्या सॉसेजच्या चकत्या, पोर्क पाते (डुकराच्या मांसाचा वाटून शिजवलेला गोळा), मऊ चीज, रोस्ट चिकन. आपल्याकडे तंदुरी चिकन किंवा मटणाचं सुकं चालेल. झणझणीत रश्श्यासमोर मात्र तिची चव हरवते.

एक अपवाद. बोजोलेतल्याच मोर्गों, मुलाँ-आ-व्हाँ अशा दहा गावांच्या-भागांच्या वाइन्स जास्त भारदस्त असतात, त्या १५-१६ अंशांवर द्या. त्यांच्या लेबलवर बऱ्याचदा ‘बोजोले’ लिहिलेलंच नसतं, दुकानात ते बघा. आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणारी ‘नूव्हो’ (त्याच वर्षीची ताजी बोजोले) साठवू नका, काही महिन्यांत संपवा.