पत्रकारांना येणाऱ्या धमक्यांची नोंद ठेवणारी ऑनलाइन साधनं कोणती, आणि तालुक्याच्या वार्ताहराला त्यांचा काही उपयोग होतो का?

होतो, पण तुम्हाला वाटतंय तसा नाही. धमकी आली, फॉर्म भरला आणि कुणीतरी धावून आलं, असं काही होत नाही.

नावं आधी सांगून टाकतो. न्यूयॉर्कची सीपीजे ही पत्रकारांच्या संरक्षणासाठी काम करणारी संस्था १९९२ पासून मारल्या गेलेल्या पत्रकारांची नावानिशी नोंद ठेवते आणि दरवर्षी १ डिसेंबरला तुरुंगात किती पत्रकार आहेत ते मोजते. युनेस्कोकडं खुनांची आणि त्या खटल्यांचं पुढं काय झालं याची नोंद असते. 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स'चा माध्यमस्वातंत्र्याचा निर्देशांक सगळ्यांना ठाऊक आहे : १८० देशांत आपण २०२४ ला १५९ वे, २०२५ ला १५१ वे. अमेरिकेत २०१७ पासून प्रेस फ्रीडम ट्रॅकर आहे, युरोपात मॅपिंग मीडिया फ्रीडम. हे युरोपवाले साध्या ऑनलाइन शिवीगाळीचीही नोंद घेतात. आपल्याकडं अभिव्यक्तीवरच्या हल्ल्यांची नोंद ठेवणारी फ्री स्पीच कलेक्टिव्ह आहे, आणि इंटरनेटबंदीपुरता एसएफएलसी या डिजिटल हक्कांवर काम करणाऱ्या संस्थेचा ट्रॅकर. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात इंटरनेट बंद झालं तेव्हा बिंदू चौकातून पोरं फोनवर ओरडून बातमी सांगत होती, तसल्या दिवसांची नोंद तिथं सापडते.

आता माझं ऐका, कारण तुमचा प्रश्न माझ्या वर्मावरच बसलाय.

मी जिल्ह्यातल्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. आमच्याकडं एक डोंगर रात्री डंपर लावून पोखरत होते. मुरमाच्या परवान्याची मुदत कधीच संपलेली. तहसीलमधून परवान्याची नक्कल काढली, बातमी लागली. त्याच रात्री व्हॉट्सॲपवर आवाज आला : "पत्रकार, पोरगी कुठल्या शाळंला जातीया म्हाईत हाय आमाला." मी सुन्न झालो, पण बायको नाही. मेसेज पुन्हा वाजवायला लावून तिनं तिच्या मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतला. थोड्याच वेळात समोरच्यानं तो सगळ्यांसाठी डिलीट केला. राहिलं ते तिच्याकडचं.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "कुठल्या पेपरचे?" मी सांगितलं. अंमलदारानं माझ्यासमोरच कार्यालयात फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "ते आमचे कर्मचारी नाहीत, बातम्या पाठवतात फक्त." झालं! एफआयआर नाहीच, नुसती अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला. आपल्या राज्यात पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध २०१७ चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, तपास डीवायएसपीच्या खालच्याकडं नाही. पण कायद्याला लागतो नेमणुकीवरचा किंवा कंत्राटावरचा पत्रकार. तालुक्याच्या वार्ताहराकडं काय असतं? ओळखपत्र आणि जाहिरातीचं टार्गेट.

मग संपादकांना म्हटलं, धमकीची बातमी तरी छापा. ते म्हणाले, "पेपरवाल्यानं स्वतःची बातमी करायची नसते." त्या आठवड्यात त्याच मुरूमवाल्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात लागली, फोटोत तो हात जोडून उभा.

मी एका परदेशी संस्थेला मेल केला. उत्तर आलं, सभ्य आलं : छापून आलेली बातमी, एफआयआरची प्रत किंवा संस्थेचं पत्र पाठवा. त्यांचं काही चुकलं नाही. खात्री केल्याशिवाय नोंद घेतली तर त्या नोंदीला कुत्रं विचारणार नाही. पण बघा, तिन्ही कागद ज्यांच्याकडून यायचे त्यांनीच हात वर केलेले. जगाच्या नकाशावर आमच्या तालुक्यात सगळं आलबेल!

राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांची दखल सीपीजेनं आणि युनेस्कोनं घेतली. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी त्यांच्या अंगावर गाडी घातली, दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यानंतरची दखल ती.

म्हणून तुम्हाला सांगतो, ट्रॅकर शोधत बसू नका, आधी कागद तयार करा. अर्ज दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. एक प्रत एसपी ऑफिसला स्पीड पोस्टानं. मेसेज दुसऱ्या फोननं चित्रित करा, नंबर आणि वेळ दिसली पाहिजे. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. दुसऱ्या पेपरातल्या मित्राला चार ओळी छापायला सांगा आणि त्याच्यावर वेळ आली की तुम्ही छापा. एवढं हातात आलं की मग मेल करा, नोंद होते.

कागद तपासून घ्यायचं कोल्हापूरकरांना तरी वेगळं सांगायला नको. आमच्याच संस्थानच्या बर्वे दिवाणांविरुद्धची पत्रं छापली, ती बनावट निघाली आणि १८८२ ला टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात बसले.

पत्रकार संघाकडं जा म्हणणारे भेटतील. जा. ६ जानेवारीला, पत्रकार दिनाला, हार-तुरे मिळतात. माझ्या वेळी तिथल्या एका ज्येष्ठांनी खांद्यावर हात ठेवून "मिटव बाबा" एवढंच सांगितलं.

हां, एक आहे. आमच्यातही बातमी दाबायचे पैसे मागणारे आहेत, आणि त्यांना आलेली प्रत्येक शिवी काही पत्रकारितेवरचा हल्ला नसते. ट्रॅकरवाले खोदून विचारतात ते त्यासाठीही. शिवाय मी वकील नाही, कलमाबिलमांचं एखाद्या वकिलाकडून बघून घ्या. सगळेच संपादक आमच्यासारखे असतात असंही नाही.

तरी तुमचे साहेब म्हणालेच, "जाहिरातदार आहे, सोडून द्या," तर ते लेखी मागा. मी मागितलं होतं. साहेब म्हणाले, "तोंडी सांगितलेलं पुरत नाही का?" नाही पुरत, साहेब. मेलला जोडायला काहीतरी लागतं.